नऊ नंबरची बाटली

अगं मनू, ये अशी जवळ. पुण्यात असशील तर खुर्ची पुढं ओढ आणि कानातल्या त्या गुंड्या काढून ठेव, म्हणजे मी इथं अमरावतीहून काय बोलतेय ते नीट ऐकू येईल. मागच्या खेपेला आलीस ती सगळा वेळ मांडीवर ते झाकणाचं यंत्र उघडून बसलीस. पुरणपोळी केली होती, तीही त्याच्याकडं बघत खाल्लीस. तूप वाढलं की नाही तेसुद्धा तुला कळलं नसेल. मी विचारलं, एवढं काय गं करतेस, तर म्हणालीस, ‘आजी, दवाखान्यांचं काम आहे, तुला नाही कळायचं.’ मला नाही कळायचं? अगं, तुझी आई जन्मायच्या आधीपासून मी दवाखान्यात बाटल्या भरत होते!

मग जरा लाजलीस आणि सांगितलंस. एका दवाखान्यातली रोग्याची माहिती दुसऱ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. ज्या कंपनीनं यंत्रणा बनवली तिच्याच कुलपात ती माहिती राहते. आता काहीजण म्हणतात, सगळ्यांनी एकच खुली पद्धत वापरावी, कोणालाही वाचता येईल अशी. कंपन्या म्हणतात, मेहनत आमची, ती फुकट का वाटायची? आणि रोग्याचं गुपित फुटलं तर जबाबदार कोण? तू बोलत होतीस आणि माझ्या डोळ्यांपुढं एक निळी बाटली येऊन उभी राहिली. सांगणार तर तुझी गाडीची वेळ झाली.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, आजी, नोकरीच्या आठवणी लिहा. म्हटलं, लिहिते, पण नातीला सांगितल्यासारखं लिहीन. त्या म्हणाल्या, वऱ्हाडी ‘मले-तुले’ जरा कमी करा. माझं मी कमी केलं आहे. माणसं मात्र जशी बोलली तशीच बोलू देणार.

तर राजापेठेत आमच्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता. मी तिथं लागले बाटल्या धुवायला. शाळा नावापुरती. वाचायला शिकले ती बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरसाहेबांनी मला धुण्यावरून भरण्यावर घेतलं, म्हणजे कंपाउंडर केलं. पहिल्याच आठवड्यात एका बाईनं नाक मुरडलं, ‘हिच्या हातचं पाणी पडते काय औषधात?’ डॉक्टरसाहेब आतून ओरडले, ‘पडतं! नको असेल तर बूच काढून ठेवा आणि बाटली रिकामी घेऊन जा.’ बाईनं भरलेलीच नेली. खोकला गेला तशी पुन्हा आली ती मलाच शोधत, ‘ते कंपाउंडरीणबाई कुठी हाय?’

आता तुला वाटेल औषध म्हणजे चांदीच्या पत्र्यातली गोळी. तेव्हा तसं नव्हतं. लोक घरून बाटली धुऊन आणायचे. डॉक्टर तपासून सांगायचे, ‘शांताबाई, चार नंबर.’ फळीवर मोठाल्या बरण्या, त्यांवर नुसते आकडे. मी चार नंबरच्या बरणीतून मापानं बाटली भरायची, बूच लावायचं आणि बाजूला नंबर लिहून खाचा कापलेली कागदाची पट्टी डकवायची. एक खाच उतरली की एक डोस झाला. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं.

त्या बरण्यांत काय आहे, ते मात्र मलाही माहीत नसायचं. रविवारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टरसाहेब आतल्या खोलीत एकटेच औषधं कालवायचे. कशावर कोणता नंबर चालतो ते मला ठाऊक, आत काय पडलंय ते त्यांनाच. पुष्कळ डॉक्टर असंच करत. आपल्या हाताचा गुण आपल्याच दाराशी राहावा, रोगी दुसरीकडं जाऊ नये, हा एक हेतू. पण आमच्या साहेबांचं कारण वेगळंही होतं. माझ्या आधीचा कंपाउंडर सगळं शिकून चांदूर रेल्वेला गेला, स्वतःला डॉक्टर म्हणवून बसला, आणि मोठ्या माणसाचं औषध लहान लेकराला पाजलं. लेकरू कसंबसं वाचलं. तेव्हापासून साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांना लोभी म्हणू नकोस. गरिबाची बाटली त्यांनी कधी रिकामी पाठवली नाही.

त्या चांदूर रेल्वेच्याच बाजूची कमल. शेतकऱ्याची पोर. लहानपणापासून तिला फिट यायची. चुलीपाशी पडली होती एकदा, हातावर डाग राहिला होता. साहेबांनी तिला नऊ नंबर लावला आणि फिट थांबली. वर्षामागून वर्ष गेलं, एकही नाही. बाप दर महिन्याला बाटली घेऊन यायचा आणि निघताना बरणीला हात जोडायचा. मी म्हणायचे, ‘भाऊ, बरणीच्या काय पाया पडता, साहेब आत हायेत.’ तो म्हणायचा, ‘त्याइच्या पडून झालो, आता हिच्या.’

एकसष्टच्या सुमारास कमलचं लग्न अकोल्याला ठरलं. नवरा नारायण, तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, चांगला सरळ पोरगा. बापानं फिटचं सांगितलं नाही. कोण सांगतं? त्या काळी ‘मिरगी’ हा शब्द उच्चारला की पोरीचं स्थळ गेलंच म्हणून समज. सासरी सांगितलं, ‘ताकदीचं औषध हाय, अमरावतीच्या डॉक्टरचं.’ आणि काय गंमत बघ, दर महिन्याला ती बाटली घेऊन आता नारायणच यायचा. निळी बाटली, राखेनं घासून अशी चकचकीत केलेली. माझ्यापुढं ठेवून म्हणायचा, ‘पाहा बाई, डाग तर नाही ना राहिला?’ बायकोवर जीव. मी बाटली भरायची आणि गप्प बसायची. ज्याच्यापासून लपवायचं तोच वाहून नेत होता.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं. मग एका महिन्यात तो वेळेवर आला नाही. आला तो भलत्याच दिवशी, भर दुपारी, टोपी नाही, सदऱ्याची गुंडी तुटलेली. दवाखान्यात साहेब होते, चार-दोन रोगी होते. त्यानं बाटली टेबलावर आपटल्यासारखी ठेवली.

‘बाई, हे नऊ नंबर कायचं हाय?’

‘काहून? काय झालं?’

‘कमलले झटके येऊन राहिले कालपासून. डोळे फिरवते, दातखीळ बसते, शुद्धीवर नाही. बायकाइच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई इचारते, कोणतं औषध चालू होतं. म्या म्हटलं, ताकदीचं. बाटली दाखवली तर माह्यावरच तापली. म्हणे, ताकदीच्या औषधाले नंबर कायले? जाऊन इचारून ये.’

‘मग औषध संपलं होतं का?’

‘संपलं नाही व. मायनं बंद केलं. कमल दोन जिवाची हाय ना, सातवा चालू हाय. माय म्हणे, आता कायले ते कडू पाणी पाजता पोरीले, डिंकाचे लाडू करतो, त्याच्यात काय कमी ताकद हाय? अर्धी बाटली तिनं मोरीत ओतली.’

लाडू! सासूनं मायेनं लाडू केले आणि मायेनंच औषध ओतून दिलं. बिचारीला काय माहीत, फिटचं औषध एकदम तोडलं की फिट दुप्पट जोरानं उलटते. आणि कमलनं तोंड उघडावं तर गुपित फुटतं.

‘आणि डॉक्टरीणबाई म्हणे,’ नारायण पुढं म्हणाला, ‘झटके नाही थांबले तर लेकरू आजच काढा लागते. नाही तर दोघंही जातीन.’

हे तुला उलगडून सांगते. गरोदर बाईला झटके आले की डॉक्टरला पहिली शंका येते गर्भारपणातल्या एका दुखण्याची. त्यात बाळ लवकर मोकळं करणं हाच मोठा उपाय. पण कमलचं ते नव्हतंच. तिला हवं होतं फक्त तिचं रोजचं औषध. अकोल्याच्या बाईंना हे कळलं नसतं तर सातव्या महिन्याचं पोर काढलं असतं, आणि त्या काळी सातव्याचं पोर बहुधा हाती लागत नसे. एवढं सगळं एका आकड्याच्या आड अडकलं होतं.

साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटलं.

मी म्हटलं, ‘साहेब, ट्रंककॉल लावा.’

‘लागेपर्यंत संध्याकाळ होईल. आणि लागला तर ओरडून सांगू, की अमक्याच्या सुनेला लहानपणापासून मिरगी आहे? इथला ऑपरेटर ऐकणार, तिथला ऐकणार. जिनिंगमध्ये बातमी पोचायला कितीसा वेळ?’

‘मग यालेच चिठ्ठी द्या.’

‘याला वाचता येतं, शांताबाई. इंग्रजीत लिहिलं तर वाटेत कोणाकडूनही वाचून घेईल.’

खरंच होतं. सांगावं तर संसार जातो, न सांगावं तर जीव. साहेबांनी खुंटीवरचा कोट काढला.

‘नऊची बाटली भरून घ्या. चला.’

‘मी?’

‘तिथं मी डॉक्टरशी बोलेन. पोरीशी कोण बोलणार?’

रोग्यांना नंतर यायला सांगून आम्ही निघालो. साहेबांची जुनी मोटार, शेजारी नारायण, मागं मी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूरच्या रस्त्यानं दोन्हीकडं कपाशी फुटलेली, आणि नारायण तेच तेच विचारत होता, ‘साहेब, कायचं हाय ते औषध?’

‘आधी पोचू या, बापू.’

मग मागं वळून माझ्याकडं, अगदी हळू, ‘बाई, बाटली मीच धुवायचो. राखेनं. राखेचं काही राहून गेलं असीन काय आत? त्याच्यानं तर नाही झालं?’

मनू, इतकी वर्षं झाली, त्याचं ते विचारणं अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, ‘नाही रे बाबू, तुह्याकडून काही नाही झालं.’ पुढचं ओठांवर आलं होतं. पण ते माझं नव्हतं सांगायचं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, बोलणं तोडून. आम्हाला सरळ आपल्या खोलीत घेतलं. नारायण बाहेर, आईजवळ.

‘रक्तदाब चढलेला नाही, लघवीत काही नाही,’ त्या म्हणाल्या, ‘तरी झटके. मला कोडं सुटत नाही आणि थांबताही येत नाही. काय आहे तुमच्या नऊमध्ये?’

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या आकड्यामागचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. मी दाराकडं वळले, तर म्हणाले, ‘थांबा. ऐका तुम्हीही.’ आणि सांगितलं, ‘ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोन. लहानपणापासून फिट्स आहेत तिला. सासूनं औषध तोडलं.’

‘आणि मी तिकडं ऑपरेशनचं टेबल मांडून ठेवलं होतं!’ बाई म्हणाल्या. लगेच नर्सला हाक मारली, इंजेक्शन सांगितलं. कमलला ते टोचलं, आणि नंतर आम्ही तिघं नुसते बसून वाट बघत राहिलो. एक झटका आला, छोटा. मग आलाच नाही. दिवे लागायच्या सुमाराला बाईंनी पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले आणि मान हलवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

मग दोघं भांडले. भांडले म्हणजे, चहा पीत भांडले.

‘डॉक्टर, तुम्ही आज गावात नसता तर?’

‘असतो मी कायम.’

‘कोणीच कायम नसतं. मी माझ्या प्रत्येक बाईला जाड कागदाचं कार्ड देते. रोग, औषध, मात्रा, सगळं साफ अक्षरात. ती कुठंही जावो, कोणत्याही डॉक्टरला वाचता यावं.’

‘आणि सासूलाही.’ साहेब म्हणाले. ‘तुमचं कार्ड हिच्या पेटीत असतं ना, तर हळद उतरायच्या आत हिला माहेरी पोचवली असती. माझ्या आकड्यानं निदान दीड वर्ष हिचा संसार राखला.’

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ‘हे मात्र खरं आहे.’

‘आणि तुमचंही खरं आहे,’ साहेब म्हणाले. ‘आज माझ्याच आकड्यानं तिचं पोर गेलं असतं.’

दोन शिकलेली माणसं, दोघंही भली, आणि दोघंही बरोबर. तेवढ्यात नर्स सांगत आली, कमल जागी झाली.

मी आत गेले. पोरगी अशी पांढरी फटक, ओठ चावलेला. पहिला प्रश्न, ‘शांताबाई, लेकरू?’

‘हाय व माय. चांगलं हाय.’

मग तिनं दाराकडं पाहिलं, ‘ह्याइले सांगतलं काय?’

‘नाही. साहेबांनी फक्त डॉक्टरीणबाईले सांगतलं.’

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, ‘त्याइले पाठवा आत. मीच सांगतो.’

‘आजच काहून? बरी हो आधी.’

‘बाई, दर महिन्याले ते बाटली घासत बसतात अंगणात. मी दारातून पाह्यतो. मले पाह्यवत नाही आता.’

मी नारायणला आत पाठवलं आणि दाराशी उभी राहिले. ऐकू नये ते ऐकलं, मग काय! तिनं सगळं सांगितलं. चूल, हातावरचा डाग, बाप, नऊ नंबर. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्याचा आवाज आला, ‘म्हंजे राखेनं नाही ना झालं?’

‘नाही हो.’

‘मंग आधी काहून नाही सांगतलं व? म्या मायले लाडू बंद कराले लावले असते, औषध कायले बंद होऊ देलं असतं!’

आणि दोघं रडायला लागली.

सासूचं इतकं सोपं नव्हतं. ती तिथंच आवारात आरडली, ‘फसवलं आमाले! रोगी पोट्टी गळ्यात बांधली!’ साहेबांनी ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन कमलच्या पोटावर ती नळी ठेवली आणि सासूच्या कानाला लावली. म्हातारीनं नातवंडाचे ठोके ऐकले. बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन बसली, ‘बाई, म्या माह्या हातानं ओतलं व मोरीत.’ कमलच्या बापाशी तिनं पुढं बरीच वर्षं अबोला धरला, पण कमलला रोजचा डोस मात्र तीच पाजायची. कोणालाही हात लावू द्यायची नाही.

आता कार्डाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी एक कोरं कार्ड साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी पेन काढलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. कमल पलंगावरून बघत होती. तिला म्हणाले, ‘पोरी, औषधाचं नाव लिहितो. पण रोगाचं लिहू का नको? तू सांग.’ मी त्यांच्याकडं बघतच राहिले. रोग्याला विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

कमल म्हणाली, ‘औषधाचं लिहा साहेब, साफ लिहा, कोन्याबी डॉक्टरले समजलं पाहिजे. एकदम बंद करू नका, तेही लिहा, मोठ्या अक्षरात, मराठीत. रोगाचं राहू द्या. ते मी सांगतो, ज्याले सांगावं वाटते त्याले.’

साहेबांनी तसंच लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘आमच्याही कार्डात आता असाच बदल करते.’ कमलनं ते कार्ड लुगड्याच्या घडीत ठेवलं. दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली.

परतताना बडनेरा आल्यावर साहेब एकदम म्हणाले, ‘शांताबाई, ज्यांचं औषध एक दिवसही तुटता कामा नये अशांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत?’ मला सगळी ठाऊक होती. त्या लोकांना आम्ही एकेकाला बोलावून कार्डं दिली. काहींनी रोगही लिहून मागितला, काहींनी नको म्हटलं. एका भाऊसाहेबांना तर आपलं कार्ड बायकोच्या हाती पडायला नको होतं, म्हणून ते दुकानात ठेवायचे. कशाचं औषध ते नाही सांगणार, डोळे मोठे करू नकोस.

सगळंच सुधारलं असं मात्र नाही. खोकला, अपचन, अंगदुखी यांचे नंबर तसेच राहिले. साहेब म्हणायचे, ‘एवढं तरी माझं राहू द्या.’ मीही आग्रह केला नाही. मग सत्तर साल यायच्या थोडं आधी ते अचानक गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर लोक, हातात धुतलेल्या बाटल्या. कार्डवाले दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन आले, त्यांचं काही अडलं नाही. बाकीचे माझ्या तोंडाकडं बघत उभे. वलगावचे एक म्हातारेबुवा, जुनाट खोकल्याचे, म्हणाले, ‘बाई, चार नंबर पाहा ना, तळाशी असीन थोडं.’ होतं थोडं. दिलं.

‘आता पुढं?’

‘दुसऱ्या डॉक्टरकडं जा बुवा.’

‘त्याले माहा खोकला कायले समजन?’ म्हणाले आणि अर्धी बाटली छातीशी धरून ओटा उतरले. बरण्या मी धुतल्या. आत काय होतं ते आजही कोणाला माहीत नाही.

म्हणून म्हणते, तुमच्या त्या कंपन्या आणि खुलीवाले भांडतील तेव्हा दोघांनाही चहा दे आणि मध्ये कमलला बसव. आजही ती दिवाळीला अकोल्याहून येते, लेकीबरोबर. तिचं पहिलं कार्ड केव्हाच विरलं, मागून कितीतरी झाली, पण रोगाचं नाव अजून एकातही नाही. तिला विचारा, ती सांगते. हसत सांगते.

आता माझं काम. माझ्या डब्यात तीन डॉक्टरांची औषधं आहेत, तिघांचे तीन कॉम्प्युटर, आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. गोळ्या मला ओळखू येतात, पण डोळे थकलेत, अक्षर थरथरतं. माझं कार्ड कोणीतरी लिहायला हवं, साफ अक्षरात. तुझं अक्षर चांगलं आहे, त्या यंत्रानं अजून बिघडलं नसेल तर. त्या डब्यात एक गोळी अशी आहे, जी कशाची आहे ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. ते कार्डावर लिहायचं नाही. ते मी तुला सांगणार आहे, तू इथं माझ्या खाटेवर बसलीस म्हणजे. फोनवर नाही. तेव्हा फार लांबवू नकोस, मनू. लवकर ये.